तेर्स

तेर्स : गोव्यातील ख्रिस्ती कुटुंबात रोज तिन्हीसांजेनंतर घरच्या आल्तारासमोर (देव्हाऱ्यासमोर) सगळ्यांनी मिळून म्हणायची जपमाळ. पोर्तुगीज भाषेत ‘तेर्सू’ म्हणजे तिसरा हिस्सा. संपूर्ण रोझरीत, म्हणजे पूर्ण जपमाळेत, दीडशे ‘नमान मोरिये’ (मारियेला नमन करणारी प्रार्थना) आणि येशू व त्याची आई मारिया यांच्या जीवनातले पंधरा प्रसंग असत. या प्रसंगांना कोकणीत ‘मिस्तेर’ म्हणतात. एका बैठकीत त्यातले पाच प्रसंग आणि पन्नास नमान होत, म्हणून तो तिसरा हिस्सा. २००२ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी प्रकाशाचे पाच प्रसंग जोडले. तेव्हापासून हिशेबाने हा चौथा हिस्सा झाला, पण नाव बदलावे असे कुणाच्या मनातही आले नाही.

तेर्साची वेळ घड्याळावर ठरत नाही, ती घंटेवर ठरते. दिवस मावळला की चर्चची घंटा वाजते. तिला ‘आयमोरेची घांट’ म्हणतात. ‘आयमोरे’ हा शब्द ‘आवे मारिया’चाच जिभेवर घोळून गोंयकार झालेला उच्चार. गाब्रिएल देवदूताने मारियेला दिलेल्या निरोपाची ही प्रार्थना. घंटा कानावर पडली की माणूस असेल तिथे, शेताच्या बांधावर किंवा विहिरीपाशी, उभा राहून ती म्हणत असे. प्रार्थना संपली की घरातली मुले वडीलधाऱ्यांपुढे हात जोडून ‘बेसांव’ मागतात आणि ‘देव बेसांव घालूं’ असा आशीर्वाद मिळतो. याच घटकेला शेजारच्या अंगणात तुळशीपुढे दिवा लागलेला असतो आणि ओसरीवर शुभंकरोती चाललेली असते. दोन्ही घरांतली मुले हातपाय धुऊन, खेळ सोडून, थोड्याशा नाखुशीनेच मोठ्यांपुढे येऊन उभी राहतात. तेर्साचा तो एकसुरी, लाटेसारखा पुढे-मागे जाणारा सूर शेजारघरातून ऐकत मी लहानाचा मोठा झालो. अर्थ कळण्याआधी कानात बसलेली ती प्रार्थना आहे.

तेर्साचा विधी साधा असतो. लाकडी आल्तारात खुरीस म्हणजे क्रूस, मारियेची म्हणजे सायबिणीची मूर्ती, फुले आणि तेवती मेणबत्ती. घरातली एक व्यक्ती, बहुधा आजी, हातात ‘कोंत’ म्हणजे माळ घेऊन सुरुवात करते. प्रत्येक प्रसंगाला एक ‘आमच्या बापा’ (येशूने शिकवलेली प्रार्थना) आणि दहा ‘नमान मोरिये’. अर्धी प्रार्थना म्हणणाऱ्याची, उरलेली अर्धी बाकीच्यांची. सोमवारी व शनिवारी आनंदाचे प्रसंग, मंगळवारी व शुक्रवारी दुःखाचे, बुधवारी व रविवारी वैभवाचे, गुरुवारी प्रकाशाचे. मुलांच्या वाट्याला एकेक दशक, म्हणजे दहा नमानांचा एक गट, दिले जाते. दहाची गणती चुकली तर आजी डोळे न उघडताच सांगते.

पण तेर्साचे खरे घरपण पाच दशके संपल्यानंतर सुरू होते. मग एकेका कारणासाठी एकेक ‘आमच्या बापा’ म्हटला जातो : वारलेल्या आजोबांच्या आत्म्यासाठी, आजारी शेजारणीसाठी, बोटीवर गेलेल्या मुलासाठी, पावसासाठी, ज्याची आठवण काढणारे कुणी नाही अशा आत्म्यासाठी. हा भाग कुठल्याच पुस्तकात छापलेला नसतो. घर जसे वाढते, माणसे जशी दूर जातात किंवा मरतात, तशी ही यादी लांबत जाते. एखाद्या घराचा तेर्स सलग चार दिवस ऐकला तर त्या घराची चिंता काय आहे, हे विचारावे लागत नाही.

गोव्यात हा धर्म राजसत्तेबरोबर आला, हे लपवण्याचे कारण नाही. १५१० साली पोर्तुगिजांनी गोवा जिंकल्यावर पुढच्या दशकांत तिसवाडी, बारदेस आणि सासष्टी या तालुक्यांतली देवळे पाडली गेली. १५६० साली सुरू झालेले इन्क्विझिशन (चर्चचे धर्मन्यायालय) कायमचे बंद व्हायला १८१२ साल उजाडले. मात्र हुकूमाने आलेला धर्म घरात मुरला तो आयाआज्यांच्या रोजच्या पठणातून, असे या लेखकाचे मत आहे. फ्रान्सिस झेवियर १५४२ साली गोव्यात आले तेव्हा हातात घंटा घेऊन रस्त्यारस्त्यांतून मुलांना ‘दोतोर्न’ म्हणजे धर्मशिक्षणासाठी बोलावत. प्रार्थना चालीवर पाठ करून घ्यायची आणि मुलांनी ती घरी न्यायची, अशी ती पद्धत होती.

मराठी वाचकाला जवळचा असा एक दुवा येथे आहे. नवख्रिस्ती लोकांची जुनी पुराणे सुटली होती आणि कानाला दुसरे काही मिळाले नव्हते. सासष्टीतल्या दोतोर्नीच्या वर्गात एक जण पाद्रीपुढे हेच गाऱ्हाणे मांडतो, अशा प्रसंगाने फादर थॉमस स्टीफन्स यांच्या ‘क्रिस्तपुराणा’ची कथा सुरू होते. हे इंग्रज जेझुइट (येशू संघाचे पाद्री) १५७९ साली गोव्यात आले आणि इथेच १६१९ साली वारले. मराठी ओव्यांतले त्यांचे पुराण १६१६ साली रायतूर येथे छापले गेले आणि चर्चमधून ते वाचले जाऊ लागले. १६८४ साली व्हाइसरॉयने कोकणी बंद करून तीन वर्षांत पोर्तुगीज बोलायला लागण्याचे फर्मान काढले. घरातल्या आल्तारापुढे आज कोकणीच ऐकू येते.

जपमाळेचे मोल किती असू शकते, हे गोमंतकीयांना संत जुझे वाझ यांच्या चरित्रातून कळते. बाणावलीत १६५१ साली जन्मलेल्या या पाद्रीने १६७७ साली सांकवाळ येथे आपण मारियेचे दास असल्याचा लेख स्वतःहून लिहून दिला. १६८७ मध्ये ते सिलोनला गेले. तिथे डच राजवटीत कॅथलिक उपासनेला बंदी होती, पाद्रीला आसरा देणेही धोक्याचे होते. ते भिकाऱ्याच्या वेषात, गळ्यात माळ घालून दारोदार फिरले. माळ पाहून ज्याचे डोळे चमकत, तो आपला, अशी त्यांची ओळख पटवण्याची रीत होती. १७११ साली कँडी येथे ते निवर्तले आणि १४ जानेवारी २०१५ रोजी कोलंबोत पोप फ्रान्सिस यांनी त्यांना संत घोषित केले.

तेर्स घराचा उंबरठा ओलांडून वाड्यावरही जातो. ‘सायबिणीची भोंवडी’ असते तेव्हा मूर्ती एका घरातून दुसऱ्या घरात मुक्कामाला जाते. ज्या घरी सायबीण त्या घरी त्या रात्री सगळा वाडा जमतो. ज्यांच्यात वर्षभर बोलणे नसते तेही दारात येऊन उभे राहतात, कारण सायबिणीला कुणी अडवत नाही. मे महिन्यात रस्त्याकडेच्या चुन्याने रंगवलेल्या खुरसांपाशी, आणि घरांतूनही, ‘लादाईन’ होते. ही मारियेची लॅटिन नामावली व्हायोलिनच्या साथीवर दोन-तीन आवाजांत गायली जाते. प्रत्येक नामाला ‘ओरा प्रो नोबिस’ (आमच्यासाठी प्रार्थना कर) असा एकच प्रतिसाद. लॅटिन न कळणारे भाटकार-मुंडकार (जमीनमालक आणि त्यांच्या जमिनीवर राहणारी कुळे) सारखेच ती तोंडपाठ गातात. नंतर उकडलेले चणे आणि पेला-दोन पेले वाइन.

नोकरीसाठी मुंबईला गेलेल्या गोंयकारांनी धोबीतलाव आणि आसपासच्या भागात गावोगावच्या ‘कुडी’, म्हणजे एका गावच्या लोकांची सामाईक राहण्याची ठिकाणे, थाटल्या. बोटीची वाट पाहणारा खलाशी तिथे एक पेटी आणि झोपायची जागा एवढ्यावर राहत असे. प्रत्येक कुडीत गावच्या संताचा आल्तार असे आणि संध्याकाळच्या तेर्साला हजर राहणे हा नियम असे.

आज घरात वेळ जुळणे कठीण झाले आहे. कुणी हॉटेलात रात्रपाळीला, कुणी आखातात, कुणी इंग्लंडच्या स्विंडनमध्ये. मार्च २०२० मध्ये चर्चची दारे बंद झाली तेव्हा घरातला आल्तार हेच पुष्कळांचे चर्च झाले आणि फोन आल्तारापाशी टेकवून दूरदेशीची मुले तेर्साला बसू लागली. त्याच वर्षी जून महिन्यात पोप फ्रान्सिस यांनी लादाईनीत तीन नवी नामे घातली. त्यातले एक आहे ‘सोलासियुम मिग्रांतियुम’, म्हणजे परदेशी निघालेल्यांचे सांत्वन.