ओरोस्को सिंहावलोकन प्रदर्शन

मेक्सिकन दृश्यकलावंत गाब्रिएल ओरोस्को (जन्म १९६२, हालापा, व्हेराक्रूझ राज्य) यांच्या सुमारे दोन दशकांच्या कामाचे फिरते प्रदर्शन. ते १३ डिसेंबर २००९ रोजी न्यूयॉर्कच्या म्यूझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये (मोमा) सुरू झाले. पुढे बाझेलचे कुन्स्टम्यूझियम आणि पॅरिसचे पाँपिदू केंद्र असे मुक्काम करीत एप्रिल २०११ मध्ये लंडनच्या टेट मॉडर्नमध्ये त्याची सांगता झाली. मोमातील प्रदर्शनाच्या संयोजक अ‍ॅन टेम्किन होत्या. प्रत्येक शहरात मांडणी बदलत गेली. सिंह चालता चालता थांबून मागे पाहतो आणि पुन्हा वाटेला लागतो. मराठीतला ‘सिंहावलोकन’ हा शब्द येथे नेमका बसतो, कारण त्या वेळी ओरोस्को अवघे ४७ वर्षांचे होते.

आडनावामुळे अनेकांची गल्लत होते. विख्यात भित्तिचित्रकार होसे क्लेमेंते ओरोस्को यांच्याशी त्यांचे नाते नाही. मात्र वडील मारिओ ओरोस्को रिव्हेरा हेही भित्तिचित्रकारच. त्यांनी मेक्सिकोचे नामवंत भित्तिचित्रकार सिकेरोस यांच्याबरोबर काम केले होते. भिंतभर क्रांतीचा इतिहास रंगवणाऱ्या या घराण्यातला मुलगा पुढे रस्त्यावर पडलेल्या वस्तू उचलू लागला. बरीच वर्षे त्यांनी कायमचा स्टुडिओ ठेवला नाही. जिथे जातील तिथे जे हाती लागेल त्यातून काम करायचे, ही त्यांची रीत. बाजारातल्या रिकाम्या टेबलांवर एकेक संत्रे ठेवायचे, पियानोच्या चकचकीत पृष्ठभागावर श्वास सोडायचा आणि तो विरून जाण्याआधी छायाचित्र टिपायचे. असली कामे संग्रहालयात पुन्हा मांडायची कशी, ही या प्रदर्शनापुढची खरी अडचण होती.

मोमाशी त्यांची ओळख जुनी. १९९३ मध्ये तिथेच झालेल्या प्रदर्शनात त्यांनी संग्रहालयासमोरच्या इमारतींतील लोकांना खिडक्यांत संत्री ठेवण्याची विनंती केली होती आणि संग्रहालयाच्या शिल्पोद्यानात एक झुला टांगला होता. त्याच वर्षी व्हेनिसच्या बिएनालेत, म्हणजे दर दोन वर्षांनी भरणाऱ्या कलाप्रदर्शनात, त्यांनी जमिनीवर बुटांचा रिकामा खोका ठेवला. कुणी त्याला लाथ मारली, कुणी त्यात नाणी टाकली. पुढच्या वर्षी न्यूयॉर्कच्या मेरियन गुडमन गॅलरीत दह्याच्या डब्यांची चार पारदर्शक झाकणे चार भिंतींवर एकेक करून लावली. बाकी खोली रिकामी. कलेच्या नावाखाली ही थट्टा चालली आहे, असे म्हणणारे तेव्हाही होते. पण त्या झाकणांची निळी कड शोधताना पाहणारा भिंतीकडे, खोलीकडे आणि स्वतःच्या अपेक्षेकडे पाहू लागतो, हेही खरे.

‘ला डीएस’ (१९९३) हे त्यांचे बहुधा सर्वांत प्रसिद्ध शिल्प. पॅरिसच्या एका गॅरेजमध्ये सिट्रॉएन डीएस मोटार लांबीच्या दिशेने तीन भागांत कापली, मधला ६२ सेंटिमीटरचा पट्टा काढून टाकला आणि उरलेल्या दोन बाजू पुन्हा जोडल्या. गाडी बाणासारखी निमुळती होते, वेगवान दिसते. इंजिनच नसल्याने जागची हलत मात्र नाही. ‘पिएद्रा के सेदे’ (१९९२), म्हणजे दबणारा दगड, याच्या उलट प्रकृतीचे: कलावंताच्या स्वतःच्या वजनाइतका प्लास्टिसिनचा (मऊ, मातीसारख्या पदार्थाचा) गोळा, रस्त्यावरून ढकलत नेलेला. खडे, धूळ, रस्त्यातल्या लोखंडी जाळ्यांचे ठसे सगळे त्यावर उमटले. हा गोळा कधीच कडक होत नाही.

बुद्धिबळ हा त्यांच्या कामातला आणखी एक धागा. ‘हॉर्सेस रनिंग एंडलेसली’ (१९९५) मध्ये चार रंगांच्या २५६ घरांच्या पटावर राजा नाही, प्यादी नाहीत. फक्त घोडे आहेत. पुढे ‘समुराई ट्री’ या चित्रमालिकेतही रंग घोड्याच्या अडीच घरांच्या चालीने फिरतात. या गुळगुळीत, सोनेरी चित्रांवर अनेक समीक्षक नाराज होते. या चित्रांजवळ बुटांच्या त्या रिकाम्या खोक्याचा उद्धटपणा नाही, ही तक्रार रास्त वाटते.

‘पापालोतेस नेग्रोस’ (१९९७), म्हणजे काळे पतंग, हे काम मात्र जवळून पाहावे असे. खऱ्या मानवी कवटीवर ग्राफाइट पेन्सिलीने बुद्धिबळपटासारखे काळे-पांढरे चौकोन काढले आहेत. सपाट भागावर ते नीट बसतात. डोळ्यांच्या खोबणीशी आणि गालफडाच्या वळणावर ताणले जाऊन पतंगासारखे होतात. फुप्फुसाच्या गंभीर आजारातून उठल्यावर ओरोस्को यांनी यावर काही महिने घालवले.

हीच रीत पुढे अवाढव्य आकारात आली. ‘मात्रिक्स मोव्हिल’ (२००६) हा मेक्सिकोच्या बाहा कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर सापडलेल्या करड्या देवमाशाचा सांगाडा, ज्यावर ग्राफाइटची एकात एक वर्तुळे रेखली आहेत. एरवी तो मेक्सिको सिटीतील व्हास्कोन्सेलोस वाचनालयात, पुस्तकांच्या लटकत्या मांडण्यांच्या सोबतीला टांगलेला असतो. मोमातील प्रदर्शनासाठी तो न्यूयॉर्कला नेऊन तेथील उंच दालनात लावला होता, आणि आटोपल्यावर परत आपल्या जागी आला.

मायदेशात त्यांच्या कामाचे मोठे प्रदर्शन २००६ मध्ये मेक्सिको सिटीच्या पालासियो दे बेयास आर्तेस या ललितकला प्रासादात झाले होते. याच इमारतीत सिकेरोस आणि होसे क्लेमेंते ओरोस्को यांची भित्तिचित्रे आहेत. त्यानंतर २०२५ मध्ये मेक्सिको सिटीच्या हुमेक्स संग्रहालयात ब्रायोनी फेर यांनी संयोजित केलेले ‘पोलितेक्निको नासिओनाल’ भरले. देशातील नामांकित सरकारी तंत्रशिक्षण संस्थेचे नाव त्यांनी प्रदर्शनाला दिले.