बेसलाइन कुणाच्या नावावर?

रॉक-पॉपमधल्या आवडत्या बेसलाइनची, म्हणजे बेसवर वाजणाऱ्या खालच्या स्वरांच्या ओळीची, यादी कुणीही करो, 'गुड टाइम्स', 'अंडर प्रेशर' आणि 'वॉक ऑन द वाइल्ड साइड' तिच्यात असतातच. गायकाने तोंड उघडण्याआधी, बेसच्या चार-सहा स्वरांतच ही गाणी ओळखू येतात. तरीही ती ओळ म्हणजे गाण्याची रचना की नुसती साथ, यावर अजून कोर्टकचेऱ्या चालू असतात. १ नोव्हेंबर २०२४ रोजी न्यूयॉर्कच्या अपील न्यायालयाने दिलेल्या निकालाने हा विषय पुन्हा ऐरणीवर आला.

जुना इतिहास थोडक्यात उरकता येतो. गिटारसारखा गळ्यात अडकवायचा, पडदे बसवलेला विजेवरचा बेस १९५१ साली कॅलिफोर्नियातून बाजारात आला आणि पुरुषभर उंचीच्या डबल बेसची सद्दी हळूहळू संपली. पडद्यांमुळे सूर नेमका लागे, अॅम्प्लिफायरमुळे तो ड्रमच्या वर ऐकू येई. पण तबकडीवर तो फार मोठा ठेवायला स्टुडिओवाले घाबरत. प्लेअरची सुई खाचेतून उडेल अशी धास्ती असे. १९६६ च्या 'पेपरबॅक रायटर'साठी लंडनच्या एका ध्वनिमुद्रकाने बेसच्या स्पीकरसमोर मायक्रोफोनऐवजी दुसरा स्पीकरच उलटा वापरला. त्या वर्षानंतर बेस मागच्या बाकावरून उठला तो उठलाच.

डेट्रॉईटचे प्रकरण याहून महत्त्वाचे. तिथल्या एका घरवजा स्टुडिओत साठच्या दशकात गाण्यांचा कारखानाच चालू होता. पगारी वादकांपुढे बहुतेक वेळा फक्त कॉर्डचा, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या स्वरांच्या संचांचा, कागद यायचा. त्यावरून चाल काढायची ती वादकाने. तिथला मुख्य बेसवादक उजव्या हाताच्या एकाच बोटाने, तर्जनीने, तार छेडायचा आणि तुटेपर्यंत तार बदलायचा नाही. आज ज्या ओळी बेस शिकणारा प्रत्येक जण घोकतो, त्यांतल्या कित्येक त्या एका बोटातून निघाल्या. अल्बमच्या वेष्टनावर त्याचे नाव ठळकपणे यायला १९७१ उजाडले, आणि पुढच्याच वर्षी कंपनीने बस्तान लॉस एंजेलिसला हलवले. नावे छापली नाहीत की काय होते, तेही इथेच दिसले: लॉस एंजेलिसच्या एका नामांकित बेसवादिकेने त्यांतल्या काही गाण्यांवर आपण वाजवल्याचे सांगितले, आणि तो वाद कधीच मिटला नाही. नोंदी वेळेवर ठेवल्या असत्या तर दोघांपैकी कुणावरही संशयाची वेळ आली नसती.

१९७२ साली लंडनमध्ये 'वॉक ऑन द वाइल्ड साइड' ध्वनिमुद्रित झाले. गाण्याच्या बऱ्याचशा भागात दोनच कॉर्ड आलटून पालटून येतात. भाड्याने बोलावलेल्या वादकाने आधी डबल बेसवर खालचा षड्ज धरून मींडेने वर जाणारी चाल वाजवली. मग त्यावर विजेच्या बेसवर दुसरी ओळ चढवली, पहिलीच्या वर तार सप्तकातल्या गंधाराइतके अंतर ठेवून. दोन ओळी एकमेकींना चिकटून सरकतात म्हणूनच ते गाणे तसे डुलते. दुसरी ओळ का वाजवली, याचे उत्तर त्याने पुढे मुलाखतींत हसत हसत दिले: त्या काळच्या नियमानुसार दोन वाद्ये वाजवली की मानधन दुप्पट. १९९० मध्ये एका हिपहॉप गटाने हीच ओळ उचलून 'कॅन आय किक इट?' केले. परवानगी मिळाली, पण स्वामित्वधन सगळे मूळ गाण्याच्या लेखकाकडे गेले. ज्याच्या हातची ओळ होती, त्याच्या पदरात १९७२ चे ते दुप्पट मानधनच.

'गुड टाइम्स' १९७९ च्या उन्हाळ्यात आले आणि तिथून गुंता वाढला. काही महिन्यांतच न्यू जर्सीतल्या एका छोट्या कंपनीने त्याच चालीवर 'रॅपर्स डिलाइट' काढले. यात मूळ तबकडीचा तुकडा वापरलेला नाही, ही गोष्ट अनेकांना माहीत नसते. ध्वनिमुद्रणाचा तुकडा उचलून वाजवणारी यंत्रे, म्हणजे सॅम्पलर, तेव्हा सहज मिळतच नव्हती. स्टुडिओत वादक बसवून तीच बेसलाइन चौदा-पंधरा मिनिटे न चुकता वाजवून घेतली. वाजवणारा पोरगा तेव्हा १७ वर्षांचा होता. त्याला ७० डॉलर मिळाले, असे त्याने नंतर सांगितले. मूळ गाण्याच्या दोघा लेखकांनी वकील गाठला आणि श्रेयात त्यांची नावे आली. इथे एक अपवाद नोंदवायला हवा: त्या दोघांपैकी एक स्वतः बेसवादक होता. बेसलाइन त्याच्या खात्यावर जमा झाली ती गाण्याचा लेखक म्हणून त्याचे नाव आधीच कागदावर होते म्हणून, ओळ त्याने वाजवली म्हणून नव्हे.

पुढच्याच वर्षी 'अनदर वन बाइट्स द डस्ट' आले. त्याच्या आणि 'गुड टाइम्स'च्या बेसलाइनची सुरुवात एकाच स्वरावरच्या तीन ठोक्यांनी होते. हे नवे गाणे करणाऱ्या लंडनच्या बँडचा बेसवादक न्यूयॉर्कला 'गुड टाइम्स'वाल्यांच्या स्टुडिओत बसलेला होता, हे 'गुड टाइम्स'वाल्यांनीच सांगितले. कोर्टात मात्र कुणी गेले नाही. तीन ठोक्यांनंतर एक ओळ वर चढते, दुसरी जागच्या जागी घुटमळते. माझ्या मते उचलेगिरी आणि प्रेरणा यांतला फरक समजावून सांगायला याहून चांगली जोडी सापडायची नाही.

त्याच बेसवादकाचे नाव 'अंडर प्रेशर'शीही जोडले जाते. जुलै १९८१, स्वित्झर्लंडमधले माँत्रो. सहा वेळा षड्ज आणि मग एकदा खालचा पंचम, एवढीच ती ओळ. ती कुणी बसवली याबाबत तिथे हजर असलेल्यांचेच एकमत नाही. एक म्हणतो बेसवादकाने, बेसवादक बोट दाखवतो पाहुण्या गायकाकडे, आणि पाहुणा म्हणतो मी आलो तेव्हा ती तयार होती. श्रेय बँडचे चौघे आणि पाहुणा अशा पाचही जणांना सारखे वाटले होते म्हणून भांडण झाले नाही. १९९० मध्ये 'आइस आइस बेबी'ने ती ओळ विनापरवाना घेतली आणि अमेरिकेच्या यादीत अव्वल स्थान गाठले. आमच्या ओळीत एक स्वर जास्त आहे, असा बचाव त्या रॅपरने कॅमेऱ्यासमोर सा सा सा गुणगुणत केला. प्रकरण कोर्टाबाहेर मिटले, मूळ लेखकांची नावे लागली.

या धामधुमीत बेसवादकाशिवायचा बेसही जन्माला आला. १९८१ साली जपानमध्ये एकट्याने रियाज करणाऱ्या गिटारवादकांसाठी बेस वाजवणारी एक छोटी चंदेरी पेटी निघाली. ती खऱ्या बेससारखी मुळीच वाजत नसे, त्यामुळे १९८४ पर्यंत तिचे उत्पादन बंद पडले. १९८२ मध्ये मुंबईतल्या फिल्मी स्टुडिओंत मुरलेल्या एका वादकाने तिच्यावर दहा राग डिस्कोच्या ठेक्यात बसवून तबकडी काढली. तेव्हा तिला कुणी विचारले नाही. १९८७ पासून शिकागोच्या क्लबांत त्याच पेटीचा किरकिरता आवाज गाजू लागला, आणि २०१० मध्ये मुंबईची तबकडी युरोपातून पुन्हा निघाली तेव्हा जाणकारांनी तोंडात बोट घातले.

आता निकालांकडे. अमेरिकेत १ जानेवारी १९७८ पूर्वीच्या गाण्यांना १९०९ चा कायदा लागतो. अप्रकाशित गाण्याची नोंदणी करायची तर स्वरलिपीचा कागद सरकारदरबारी जमा करावा लागे. ध्वनिफीत चालत नसे. कागद बहुधा कंपनीचा कुणी कारकून तयार करी: शब्द, गायची चाल, वर कॉर्डची अक्षरे. बेस लिहायची तसदी कोण घेणार? त्या कागदाला पन्नास वर्षांनी कोट्यवधींची किंमत येईल, हे तेव्हा कुणाच्या ध्यानीमनी नव्हते.

२०१५ च्या मार्चमध्ये लॉस एंजेलिसच्या ज्यूरीने 'ब्लर्ड लाइन्स' हे १९७७ च्या 'गॉट टू गिव्ह इट अप'वरून उचलल्याचा कौल देत सुमारे ७४ लाख डॉलर भरपाई ठरवली. न्यायाधीशांनी ती सुमारे ५३ लाखांवर आणली. मूळ ध्वनिमुद्रण ज्यूरीला पुरावा म्हणून ऐकवायचे नाही, कागदापुरतेच बोलायचे, असे ठरले होते. वादींच्या तज्ज्ञाने आठ साम्ये मांडली, त्यांत बेसची चाल एक. अपिलात २०१८ मध्ये दोन विरुद्ध एक अशा मतांनी निकाल कायम झाला. विरोधी मत देणाऱ्या न्यायाधीशांनी स्वर समोरासमोर ठेवून दाखवले की साम्य शैलीचे आहे, सुरावटीचे नाही. दोनशेहून अधिक संगीतकारांनीही हेच म्हणत न्यायालयाला निवेदन दिले होते. मला ते विरोधी मत पटते. पण बेसवादकांच्या बाजूने पाहिले तर एक विचित्र गोष्ट घडली. बेसची ओळ चोरीचा माल ठरू शकते, हे एवढ्या मोठ्या रकमेसह पहिल्यांदाच गाजले, आणि पैसे गेले ते 'गॉट टू गिव्ह इट अप'च्या गायकाच्या वारसांकडे.

२०२४ चा निकाल याच गायकाच्या १९७३ च्या 'लेट्स गेट इट ऑन'बद्दल आहे. 'थिंकिंग आउट लाउड'वर दावा लावणाऱ्या कंपनीला बेसलाइनचाही आधार हवा होता. ती ध्वनिमुद्रणात ठणठणीत ऐकू येते, पण जमा केलेल्या कागदावर नाही. कॉर्डमधून बेस अध्याहृतच आहे, हा युक्तिवाद टिकला नाही. कागदावर नाही म्हणजे संरक्षणात नाही, असे न्यायालयाने म्हटले. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने जून २०२५ मध्ये प्रकरण ऐकायला नकार दिला.

हे कागदाचे वेड फक्त तिकडचे नाही. भारताच्या १९५७ च्या कायद्यातही संगीतरचना म्हणजे लिहिलेले किंवा छापलेले स्वर, अशीच व्याख्या होती; १९९४ च्या दुरुस्तीने ती बदलली. तोवर मुंबईच्या चित्रपटगीतांचा सुवर्णकाळ उलटून गेला होता, आणि त्यातले गोव्याकडचे अरेंजर व वादक पडद्यावरच्या नामावलीत 'साहाय्यक' एवढेच उरले, तेही नशीब असेल तर.

अमेरिकेत १९७८ नंतरच्या गाण्यांसाठी ध्वनिमुद्रण दाखल करता येते, त्यामुळे 'गुड टाइम्स' या कचाट्यातून सुटले. डेट्रॉईटची साठच्या दशकातली गाणी मात्र सगळी त्या तारखेच्या आधीची आहेत, आणि त्यांच्या बेसलाइन कॉर्डच्या कागदावर नव्हत्याच.