कोडच्या रंगांमागची स्मरणशक्ती

रंगीत सिंटॅक्स हायलायटिंग, म्हणजे कोडच्या वेगवेगळ्या भागांना वेगवेगळे रंग देणं, हे काम करणाऱ्या सुरुवातीच्या एडिटरांपैकी एक शब्दकोशासाठी जन्माला आला. आयबीएमच्या माइक काउलिशॉ यांनी १९८५ च्या सुमारास ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीच्या संगणकीकरणासाठी लेक्स हा एडिटर लिहिला. मजकूर टाइप होत असतानाच तो पार्स व्हायचा, म्हणजे त्याची रचना ओळखली जायची. नंतरच्या बहुतेक एडिटरांनी मात्र रेग्युलर एक्स्प्रेशनची, म्हणजे मजकुरातले नमुने शोधणाऱ्या सूत्रांची, सोपी वाट धरली: इमॅक्सचा फॉन्ट-लॉक, १९९८ चा विम ५.०, २००४ चा टेक्स्टमेट.

या वाटेवरची खरी अडचण आहे आठवणीची. सी भाषेच्या फाइलमध्ये वर कुठेतरी कॉमेंट (संगणक दुर्लक्षित करतो ती टीप) सुरू करणारं /* टाइप करून सोडून दिलं, की पुढचं */ येईपर्यंत खालचा सगळा कोड कॉमेंटच्या रंगाचा होतो. तीनशेव्या ओळीला रंग द्यायचा, तर ती कॉमेंटच्या आत आहे का, हे त्या ओळीकडे बघून कळत नाही. विम थोड्या ओळी मागे जाऊन अंदाज बांधतो. म्हणून मोठ्या फाइलमध्ये एकदम खाली उडी मारली की कधीकधी रंग चुकतात. टेक्स्टमेटचे ग्रामर (रंग देण्याचे नियम) वापरणारा व्हीएस कोड हा एडिटर प्रत्येक ओळीच्या शेवटी आपली स्थिती, जसं कॉमेंटच्या आत आहोत की बाहेर, नोंदवून ठेवतो. ओळ बदलली की तिथून पुढे मोजायला लागतो, आणि एखाद्या ओळीची नवी स्थिती जुन्या नोंदीशी जुळली की थांबतो. या साऱ्या इतिहासातली मला सर्वांत देखणी वाटणारी युक्ती हीच. एक अक्षर बदललं, तर बहुतेक वेळा एकाच ओळीचं काम पडतं.

पण ओळींच्या नोंदी म्हणजे कोडची रचना नव्हे. १९९० च्या दशकात बर्कलीत टिम वॅग्नर यांनी इन्क्रिमेंटल पार्सिंगवर, म्हणजे फक्त बदललेला भाग पुन्हा पार्स करण्यावर, संशोधन केलं होतं. त्याचा आधार घेऊन मॅक्स ब्रन्सफेल्ड यांनी गिटहबमध्ये ट्री-सिटर हा पार्सर उभा केला आणि २०१८ मध्ये तो गिटहबच्या ॲटम एडिटरमध्ये आला. तो पूर्ण फाइलचा सिंटॅक्स ट्री, म्हणजे कोडच्या रचनेचं झाड, जवळ बाळगतो, बदल झाला की न बदललेल्या फांद्या तशाच वापरतो आणि अर्धवट कोडवरही अडून बसत नाही. २०२३ च्या इमॅक्स २९ मध्येही तो आहे.

तरी ट्रीलाही सगळं कळत नाही. सी मध्ये दोन नावांच्या मध्ये * आला, तर तो गुणाकार की पॉइंटरची (मेमरीतला पत्ता ठेवणाऱ्या व्हेरिएबलची) घोषणा, हे पहिलं नाव टाइपचं, म्हणजे डेटाच्या प्रकाराचं, आहे का यावर ठरतं, आणि तो टाइप दुसऱ्याच हेडर फाइलमध्ये असू शकतो. ते सांगायला लँग्वेज सर्व्हर, म्हणजे सगळा प्रकल्प वाचून नावांचे अर्थ लावणारा वेगळा प्रोग्राम, लागतो. त्याचे सिमँटिक टोकन (कुठलं नाव कशाचं, हे सांगणाऱ्या खुणा) उशिरा पोहोचतात आणि आधीच्या रंगांवर चढतात. फाइल उघडल्यावर क्षणभराने काही नावांचा रंग पालटतो, तो त्यामुळे.