काखेतल्या गाठी किती काढल्या? स्लीव्ह घेण्याआधी हे वाचा

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या आमच्या दुकानात स्तनाच्या ऑपरेशननंतर लागणारी ब्रा, कृत्रिम स्तन आणि हात सुजला तर त्यावर चढवायची दाबाची स्लीव्ह मिळते. स्लीव्ह मागायला आलेल्या ताईंना आम्ही आधी एकच विचारतो, काखेतल्या गाठी किती काढल्या? बऱ्याच जणींना सांगता येत नाही. ‘डॉक्टरांनी काय ते केलंय,’ एवढंच म्हणतात. म्हणून हा कागद.

पायाला जखम चिघळली की जांघेत अवधान येतं, म्हणजे तिथली गाठ सुजते, हे आपल्याकडं घरोघरी ठाऊक आहे. तशाच गाठी काखेत असतात, २०-३०च्या आसपास. स्तनातली लस (टोचायची नव्हे, अंगातला पाण्यासारखा द्रव) बहुतेक तिकडंच वाहते आणि कॅन्सरच्या पेशी पसरल्याच तर सहसा त्याच वाटेनं जातात. पण सगळ्या गाठींत एकदम नाही. पंचगंगा फुगली की पाणी आधी सखल भागातल्या सुतारवाड्यात शिरतं. तो कोरडा आहे म्हटल्यावर वरच्या पेठा निवांत झोपतात. काखेतही असा सुतारवाडा असतो. लस ज्या गाठीत सर्वांत आधी पोचते ती सेंटिनेल, म्हणजे पहाऱ्यावरची गाठ. ती एकच असेल असं नाही, बहुधा १ ते ३ निघतात.

ती शोधायला स्तनात निळा रंग किंवा टेक्नेशियम हा किरणोत्सारी पदार्थ अगदी थोडा टोचतात, कधी दोन्ही. निळी झालेली गाठ डोळ्यांना दिसते. टेक्नेशियम शोषलेल्या गाठीजवळ गॅमा प्रोब नेला की यंत्र वाजतं. तेवढ्याच गाठी काढून तपासायला देतात. काही ठिकाणी पेशंट टेबलावर असतानाच ‘फ्रोझन’चा, म्हणजे गाठ गोठवून लगेच केलेल्या तपासणीचा, निकाल येतो, पक्का रिपोर्ट मात्र काही दिवसांनी. (रंगामुळं एक-दोन दिवस लघवी हिरवी-निळी होते. ते बघून नातेवाईकच जास्त घाबरतात.)

गाठी स्वच्छ निघाल्या तर बाकीच्या काखेला हात लावत नाहीत. पूर्वी सरसकट सगळ्या काढायच्या. आता १-२ गाठींत कॅन्सर सापडला तरी, स्तन राखून ऑपरेशन आणि पुढं रेडिएशन ठरलेलं असेल, तर पुष्कळ जणींची काख वाचते. २०११ साली छापून आलेल्या अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीनंतर ही पद्धत रुळली. काखेत आधीच कॅन्सरची गाठ हाताला लागत असेल तर मात्र हिशेब वेगळा. तो सर्जनच सांगतील.

आता स्लीव्हचं. सगळ्या गाठी काढल्या की १०० पैकी साधारण २० जणींचा हात पुढं केव्हातरी सुजतो. फक्त सेंटिनेल काढली तर ५-६ जणींचा. म्हणजे धोका संपला नाही, पण बराच उतरला. सूज नसताना नुसत्या भीतीपोटी महागाची स्लीव्ह घेऊ नका. खपली तर आमचाच फायदा, तरी सांगतो. चुकीच्या मापाची स्लीव्ह तर दंडाला काचते आणि त्रास वाढवते. डॉक्टरांनी किंवा फिजिओथेरपिस्टनं चिठ्ठी दिली असेल तरच घ्या.

दंडाच्या आतल्या बाजूला बधिरपणा सेंटिनेलनंतरही येऊ शकतो, तो म्हणजे सूज नव्हे. अंगठी किंवा बांगडी एकाएकी घट्ट होणं, हात जड वाटणं, हे मात्र डॉक्टरांना दाखवा. भाकरी भाजताना चटका बसला, उसाच्या पाल्यानं कापलं, तर जखम लगेच धुऊन औषध लावा. लाली चढली किंवा ताप आला तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

येताना डिस्चार्ज कार्ड आणि पॅथॉलॉजीचा रिपोर्ट आणा. रिपोर्टात ०/२ असेल तर दोन गाठी तपासल्या, एकीतही कॅन्सर नाही. ३/१८ असेल तर अठरा तपासल्या, तीन गाठींत सापडला. माप आमच्याकडच्या ताईच घेतात, आतल्या खोलीत. सकाळीच या, दिवस चढेल तशी सूज वाढते आणि माप चुकतं. मापाचे पैसे नाहीत.