भोकाची नाणी आणि बिल्ले

भोकाची नाणी : मध्यभागी किंवा कडेजवळ भोक असलेली नाणी. सरकारी चलन नसूनही नाण्यासारखे दिसणारे बिल्लेही अनेकदा त्यांच्यातच मिसळलेले सापडतात. जुन्या पेटीत किंवा देव्हाऱ्याच्या खणात अशी अनोळखी चकती मिळाली, की पहिली नजर त्यावरच्या सालाकडे जाते. खरे तर आधी भोकाकडे पाहावे.

भोक टांकसाळीत पडले की नंतर, एवढे कळले तरी निम्मे काम होते. टांकसाळीतले भोक नेमके मध्यावर असते आणि अक्षरे, वेलबुट्टी त्याला वळसा घालून बसवलेली असतात. नंतर पाडलेले भोक अक्षरांवर चालून जाते. ते बहुधा कडेजवळ असते; एका बाजूने धातू आत दबलेला आणि दुसऱ्या बाजूला बोटाला टोचेल असा कंगोरा उठलेला. दोऱ्यात ओवल्यावर कोणते चित्र सरळ उभे राहते तेही पाहावे. घालणाऱ्याला तीच बाजू मोलाची होती.

पहिल्या प्रकारातले आपल्याकडचे सर्वांत ओळखीचे नाणे म्हणजे १९४३ ते १९४७ या काळातला भोकाचा पैसा. महायुद्धात धातूची चणचण होती. आधीचा पाव आणा, म्हणजे तोच एक पैसा, सुमारे ४.८६ ग्रॅमचा होता. हा भरला जेमतेम २ ग्रॅम. एका बाजूला मुकुट आणि साल, दुसऱ्या बाजूला पानांचे वेटोळे. चार पैशांचा आणा आणि चौसष्ट पैशांचा रुपया हा हिशेब १ एप्रिल १९५७ ला दशमान पद्धत आल्यावर मागे पडला, पण पैसा घरात राहिला. कुणी तो वायसर म्हणून वापरला, कुणी लहान मुलाच्या करगोट्यात ओवला. मराठवाड्यातल्या घरांत भोकाचेच, पण उर्दू-फारसी मजकुराचे नाणे निघाले, तर ते निजामाच्या हैदराबाद संस्थानाचे दोन पै असण्याचा संभव मोठा. त्यावरचे साल हिजरी असते. भोकाच्या दोन बाजूंना हत्तीचे बाकदार सुळे असतील तर नाणे ब्रिटिश पूर्व आफ्रिकेचे. गोव्यातून पुष्कळ लोक त्या भागात नोकरीला गेले होते, त्यामुळे ते इकडे सापडले तर नवल नाही. चौकोनी भोक आणि भोवती चार चिनी अक्षरे असली, तर शोध चीन-जपानकडे वळवावा.

दुसऱ्या प्रकारात पुतळी सर्वांत देखणी. पुतळ्यांच्या माळेचे मूळ व्हेनिसच्या सोन्याच्या डुकाटात आहे. १२८४ पासून पाडले गेलेले हे सुमारे साडेतीन ग्रॅमचे नाणे व्यापारातून भारतात आले. एका बाजूला संत मार्कपुढे गुडघे टेकलेला व्हेनिसचा राज्यप्रमुख, दुसऱ्या बाजूला ताऱ्यांच्या लंबगोलात उभा ख्रिस्त. या माणसांच्या आकृतींवरून आपण त्याला पुतळी म्हटले. पुढे सोनारांनी तशाच पुतळ्या घडवल्या. मूळ नाण्यावरची लॅटिन अक्षरे वाचता येतात. घडवलेल्या पुतळीवर त्यांच्या जागी नुसत्या उभ्या-आडव्या रेघा उमटतात, कारण घडवणाऱ्याला ती लिपी येत नव्हती. म्हणून पुतळी खोटी ठरत नाही. ती नाणे नाही, दागिना आहे, आणि तसाच तिचा मान ठेवावा. भोकाऐवजी कडेला नाके जोडलेले असेल तर त्याच्या बुडाशी डाग दिल्याची, म्हणजे धातू वितळवून सांधल्याची, खूण भिंगातून दिसते. ‘श्री राजा शिव’ आणि ‘छत्रपती’ अशी अक्षरे असलेल्या तांब्याच्या शिवराईलाही कधी असे भोक पाडलेले आढळते.

रामदरबार किंवा हनुमान, आणि मागे ईस्ट इंडिया कंपनीचे नाव व १८१८ असे साल, या चकत्यांबाबत मात्र स्पष्ट बोलले पाहिजे. कंपनीने असे नाणे चलनासाठी पाडले नाही. मद्रासच्या तिच्या सोन्याच्या होनांवर विष्णू होता हे खरे, पण ती नाणी वेगळी. देवाच्या चित्राच्या जुन्या टाकांना आणि रामटंकांना पूजेत स्थान आहे. त्यांवर कंपनीचे नाव मात्र नसते. ‘हे नाणे तांदूळ ओढते’ असे सांगून लाखो रुपये मागणारा फसवत असतो. तांब्यापितळेचे कोणतेही नाणे तांदूळ ओढत नाही.

बिल्ल्यावर राजा नसतो, बहुधा किंमतही नसते. असते ते एखाद्या कारखान्याचे किंवा मळ्याचे नाव आणि हाताने ठोकलेला आकडा. आसाम-कछारच्या चहामळ्यांत सुट्या पैशांची टंचाई होती, म्हणून मजुरीपोटी असे बिल्ले दिले जात. मळ्याचे नाव वाचता आले की गाव सापडते. त्यासाठी चिंच किंवा राख लावून घासू नये, उरलीसुरली अक्षरेही जातात. वर पातळ कागद ठेवून पेन्सिल आडवी फिरवावी. डोळ्यांना न दिसलेले अक्षर कित्येकदा कागदावर उमटते. त्याच कागदावर वजन आणि व्यास लिहून ठेवावा.