बोनस फेरी (दूरचित्रवाणी खेळ)

बोनस फेरी : दूरचित्रवाणीवरील स्पर्धात्मक खेळांत मुख्य खेळ जिंकलेल्या स्पर्धकाला वाढीव बक्षिसासाठी खेळायला मिळणारी स्वतंत्र फेरी. मुख्य खेळात समोर दुसरा स्पर्धक असतो, या फेरीत बहुधा घड्याळ असते. मुख्य खेळातली कमाई इथे पणाला लागत नाही. ही दोन्ही लक्षणे जिथे एकत्र आढळतात, तिलाच प्रस्तुत नोंदीत बोनस फेरी म्हटले आहे.

केवळ शेवटी येते म्हणून कोणतीही फेरी बोनस ठरत नाही. ‘जेपर्डी’ (१९६४) या अमेरिकन प्रश्नोत्तरांच्या खेळातील शेवटच्या प्रश्नावर स्पर्धक स्वतःचेच पैसे लावतात, म्हणून ती अंतिम फेरी होय. त्याच खेळाला १९७८ मध्ये ‘सुपर जेपर्डी’ ही खरी बोनस फेरी जोडण्यात आली होती, पण ते पर्व काही महिन्यांतच बंद पडले. ‘द प्राइस इज राइट’च्या अखेरीस दोन स्पर्धक एकमेकांविरुद्ध बक्षिसांच्या किमतीचा अंदाज बांधतात, म्हणून तीही या व्याख्येत बसत नाही. ‘कौन बनेगा करोडपती’च्या २०१० च्या पर्वात एक कोटीच्या पुढे पाच कोटींचा जॅकपॉट प्रश्न होता. तिथे उत्तर चुकले की हातातली रक्कम घसरत असे, त्यामुळे तो प्रश्न म्हणजे बक्षिसांच्या शिडीचीच वरची पायरी होती.

उगम : बोनस फेरीची सुरुवात कोणत्या कार्यक्रमापासून धरायची, याविषयी एकमत नाही. एक मत अमेरिकन विनोदवीर ग्राउचो मार्क्स यांच्या ‘यू बेट युअर लाइफ’कडे बोट दाखवते. हा कार्यक्रम १९४७ मध्ये रेडिओवर आणि १९५० मध्ये दूरचित्रवाणीवर आला. सर्वाधिक पैसे मिळवणाऱ्या जोडीला अखेरीस मोठ्या रकमेचा एक प्रश्न विचारला जाई आणि तो सुटला नाही तर पुढच्या वेळी रक्कम वाढे. परंतु मुख्य खेळही प्रश्नोत्तरांचाच असल्याने त्या प्रश्नाला निराळे रूप नव्हते. बक्षीस तेवढे मोठे होते.

दुसऱ्या मतानुसार हा मान ‘बीट द क्लॉक’ला जातो. सीबीएस या अमेरिकन वाहिनीवर मार्च १९५० मध्ये सुरू झालेल्या या खेळात जोडप्यांना ठरावीक सेकंदांत कसरतीवजा करामती कराव्या लागत. ते जमले की पत्नीसमोर फळ्यावर विस्कटलेले शब्द येत आणि घड्याळ संपण्याआधी त्यांतून ओळखीचे वाक्य जुळवायचे असे. अंगमेहनतीच्या खेळानंतर शब्दांचा खेळ, हा पालट लक्षणीय आहे. याखेरीज ‘बोनस’ नावाचीच एक अधिक अवघड करामत होती आणि ती कुणाला साधली नाही तर तिचे बक्षीस चढत जाई. मात्र येथेही आधीचा खेळ वेळेविरुद्धच होता, प्रतिस्पर्ध्याविरुद्ध नव्हता.

या दृष्टीने ऑक्टोबर १९६१ मध्ये सुरू झालेला ‘पासवर्ड’ अधिक निर्णायक वाटतो. त्यात दोन जोड्या, प्रत्येकीत एक नामवंत आणि एक सामान्य स्पर्धक, गुप्त शब्द ओळखत; एक जण एकाच शब्दाचा संकेत देई आणि जोडीदार तो शब्द ओळखू पाही. २५ गुण आधी मिळवणाऱ्या जोडीला ६० सेकंदांची ‘लाइटनिंग राउंड’ मिळे. पाच शब्द, प्रत्येकी ५० डॉलर. प्रतिस्पर्धी बाजूला होतो, घड्याळ सुरू होते आणि चुकले तरी जिंकलेले जात नाही : तिन्ही गोष्टी इथे प्रथमच स्थिर स्वरूपात आढळतात. पुढील दोन दशकांतील अमेरिकन खेळांनी मुख्यतः हाच साचा वापरला.

मुख्य खेळाशी नाते : बोनस फेरी मुख्य खेळातल्याच कौशल्यावर उभी असते, पण त्याला कलाटणी देते. या कलाटणीची गुणवत्ता हीच फेरीची खरी कसोटी. ‘टेन थाउजंड डॉलर पिरॅमिड’ (१९७३) हे याचे सर्वांत देखणे उदाहरण. मुख्य खेळात एक जण वर्णन करतो आणि जोडीदार ३० सेकंदांत सात शब्द ओळखतो. बोनस फेरीत दिशा उलटते. सांगणारा फक्त वस्तूंची यादी देतो आणि ओळखणाऱ्याने त्या सगळ्यांना सामावणारा वर्ग सांगायचा. असे सहा वर्ग, ६० सेकंदांत. हातवारे चालत नाहीत आणि वर्णनाचा एखादा शब्द निसटला तर तो वर्ग बाद. मुख्य खेळात जी सवय उपयोगी पडली, तीच इथे घात करते.

‘फॅमिली फ्यूड’ (१९७६) मध्ये मुख्य खेळात शंभर जणांच्या पाहणीतील उत्तरे शोधण्यासाठी दोन कुटुंबे झुंजतात. जिंकलेल्या कुटुंबातील दोघे ‘फास्ट मनी’ खेळतात. पाच प्रश्न, दोघांचे मिळून २०० गुण. दुसऱ्याने पहिल्याची उत्तरे ऐकलेली नसतात आणि तेच उत्तर पुन्हा दिले तर दुसरे द्यावे लागते. मुख्य खेळात सल्लामसलतीला वाव असतो, येथे प्रत्येक जण एकटा. या खेळाची कल्पना ‘मॅच गेम’च्या १९७३ नंतरच्या बोनस फेरीतून आली असे मानले जाते. त्या फेरीत प्रेक्षकांच्या पाहणीतली उत्तरे ओळखायची असत, आणि तिच्यातला लोकप्रिय पाहुणा रिचर्ड डॉसन हाच ‘फॅमिली फ्यूड’चा पहिला सूत्रसंचालक झाला. हे मत ग्राह्य धरल्यास एका खेळाची बोनस फेरी दुसऱ्याचा मुख्य खेळ बनली असे म्हणावे लागते.

‘व्हील ऑफ फॉर्च्यून’मध्ये बोनस फेरी १९८१ च्या अखेरीस आली. मुख्य खेळात चाक फिरते, दिवाळे निघते, पाळी जाते. बोनस फेरीत अक्षरे भरून ओळखायचे शब्दकोडे तेवढे उरते. आरंभी स्पर्धक स्वतः पाच व्यंजने आणि एक स्वर निवडत. परंतु जवळपास सगळेच आर, एस, टी, एल, एन आणि ई हीच अक्षरे मागू लागल्याने १९८८ पासून ती आपोआप दिली जाऊ लागली. त्यावर आणखी तीन व्यंजने आणि एक स्वर निवडायचा, आणि वेळ दहा सेकंदांवर आला. स्पर्धकांनी फेरी पाठ केली की तिचे नियम बदलावे लागतात, याचा हा ठळक पुरावा.

मराठीत आणि खान्देशात : मराठी वाहिन्यांवर शुद्ध बोनस फेरी फारशी रुजली नाही. २००४ पासून झी मराठीवर (तेव्हाची अल्फा मराठी) आदेश बांदेकर यांनी सादर केलेल्या ‘होम मिनिस्टर’चे बक्षीस म्हणजे पैठणी, आणि ती मुख्य खेळाच्या विजेतीलाच मिळे. २०२२ च्या ‘महामिनिस्टर’ पर्वात ११ लाखांची पैठणी होती, पण तीही स्पर्धेतूनच जिंकायची होती.

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या जिल्ह्यांत गणेशोत्सव, नवरात्र आणि संक्रांतीच्या हळदीकुंकवाला होणारे ‘खेळ पैठणीचा’ हे याच धाटणीचे. संगीतखुर्ची, फुगे फोडणे, मिनिटभरात ग्लासांचा मनोरा, टिकल्या चिकटवणे अशा खेळांतून बाद होत होत दोघी उरतात आणि शेवटी एकीच्या खांद्यावर येवल्याची पैठणी येते. ही बाद फेरीची अखेर आहे. बोनसच्या जागी येथे बहुधा लकी ड्रॉ असतो : प्रवेशाच्या वेळी दिलेल्या कूपनांच्या चिठ्ठ्या डब्यात, एखाद्या लहान मुलीच्या हाताने एक काढायची. त्यात कौशल्याचा भाग नाही आणि मुख्य खेळाच्या विजेतीला वेगळा हक्कही नाही.

खान्देशात बोनस फेरीच्या रचनेशी अधिक जवळीक भुलाबाईच्या खाऊची आहे. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत मुली रोज घरोघर भुलाबाईची गाणी म्हणतात. गाणी संपली की यजमानीण झाकलेला डबा आणते. मुली तो हलवून पाहतात, कानाशी धरतात, ‘गोड की तिखट?’ विचारतात आणि खाऊचे नाव ओळखू पाहतात. गाण्यांत पाठांतर लागते, इथे कान आणि अंदाज. ओळखले नाही तरी खाऊ सगळ्यांना वाटला जातो. महाराष्ट्रात अन्यत्र भोंडल्याची खिरापत याच रीतीने ओळखतात. भुलाबाईचा दूरचित्रवाणीच्या खेळाशी वंशसंबंध जोडण्याचे कारण नाही. तरीही मुख्य कार्यक्रम संपल्यावर निराळ्या कौशल्याची, काहीही न गमावता खेळायची फेरी ठेवणे ही इथल्या मुलींची जुनी रीत आहे, आणि पैठणीच्या मंडपात मात्र तिची जागा चिठ्ठीने घेतली आहे.