स्वतंत्र संशोधकाची बहुक्षेत्रीय पेटंट

कंपनी, विद्यापीठ किंवा सरकारी प्रयोगशाळा यांच्या पगारावर नसलेल्या व्यक्तीने स्वतःच्या नावावर वैद्यकीय साधने, फर्निचर, ऊर्जा अशा दूरदूरच्या क्षेत्रांत मिळवलेली पेटंट. नोकरीतला अभियंता नेमून दिलेल्या यंत्रावर काम करतो, तर असा माणूस दिसेल त्या अडचणीच्या मागे लागतो. बेंजामिन फ्रँकलिनने मूतखड्याने बेजार झालेल्या भावासाठी १७५२ मध्ये लवचीक कॅथेटर (लघवी काढण्याची नळी) घडवून घेतला आणि लाकूड कमी जाळणारी शेगडीही काढली. शेगडीचे देऊ केलेले पेटंट मात्र त्याने नाकारले. इतरांच्या शोधांचा लाभ आपण घेतो, तसा आपल्या शोधाचा त्यांनी घ्यावा, असे त्याचे म्हणणे होते.

पेटंटांची विषयवार मांडणी करणाऱ्या आंतरराष्ट्रीय पेटंट वर्गीकरणात ए ते एच असे आठ विभाग आहेत. फर्निचर (ए४७) आणि वैद्यक (ए६१) दोन्ही ‘ए’ विभागातच येतात. घरातला साधा पलंग ए४७सी या वर्गात मोडतो, तर रुग्णासाठी बनवलेला पलंग आणि चाकांची खुर्ची ए६१जी मध्ये जातात. पवनचक्की एफ०३डी मध्ये, सौर वीज एच०२एस मध्ये.

भारतीय कायद्यात एका पेटंटमध्ये एकच शोध बसतो, त्यामुळे तीन क्षेत्रांतल्या तीन शोधांचे तीन अर्ज आणि तीन शुल्के होतात. व्यक्तीला ऑनलाइन अर्जाचे मूळ शुल्क १,६०० रुपये, मोठ्या कंपनीला ८,००० रुपये. ही सवलत मोलाची आहे, पण खरा भार पुढे येतो. पेटंट २० वर्षे जिवंत ठेवायचे तर व्यक्तीलाही तिसऱ्या वर्षापासून नूतनीकरण शुल्क भरावे लागते. ते ८०० रुपयांपासून चढत सोळाव्या वर्षी ८,००० रुपयांवर जाते. शिवाय उपचाराची पद्धत पेटंटयोग्य नाही, उपकरण मात्र असू शकते. वैद्यकीय कल्पना घेऊन येणाऱ्याने हे आधीच ओळखलेले बरे.

मराठी वाचकांना जवळचे उदाहरण मुंबईत जन्मलेल्या शंकर आबाजी भिसे (१८६७–१९३५) यांचे. वजन करून माल देणाऱ्या स्वयंचलित यंत्राच्या आराखड्याला लंडनमधल्या स्पर्धेत बक्षीस मिळाले आणि ते इंग्लंडला गेले. तिथे दादाभाई नवरोजी पाठीशी उभे राहिले. भिसे यांच्या नावावर सुमारे २०० शोध आणि ४० पेटंट सांगितली जातात. सगळ्यांत जास्त जीव त्यांनी ओतला तो छपाईचे खिळे (धातूची अक्षरे) ओतणाऱ्या यंत्रात. एकाच वेळी वेगवेगळी अक्षरे ओतणारे हे यंत्र बुद्धीच्या बळावर जमले होते, पण ते कारखान्यात उभे करायला मोठे भांडवल हवे होते. समाजवादी नेते हेन्री हिंडमन यांनी मदतीचे आश्वासन दिले, तरी पैसा उभा राहिला नाही. पुढे जमशेटजी टाटांचे पुत्र सर रतन टाटा यांनी हात दिला. नंतर भिसे न्यूयॉर्कला गेले. तिथे खिळ्यांच्या यंत्राचे काम चालू ठेवतानाच त्यांनी आयोडीनचे ‘ॲटोमिडीन’ हे औषधही काढले, आणि ते अमेरिकेत विकले गेले.